गुण बेसचा, नाव गांजाचं

"दादा, ह्यात गांजा हाय म्हणं. पोलीस धरतील काय ओ?"

अक्कांनी काउंटरवर हिरव्या झाकणाची डबी ठेवली आणि आवाज बारीक केला. सोलापूरच्या पूर्व भागात माझं औषधांचं दुकान आहे. अक्कांची आणि माझी ओळख पंचवीस वर्षांची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला ओल्या फडक्यात बांधलेली तेंदूची पानं, असा त्यांचा दिवस जातो. पान कापायचं, जर्दा पसरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. हे सगळं रोज शेकडो वेळा, त्याच अंगठ्याने आणि त्याच दोन बोटांनी. त्यांची पेरं कायम फाटलेली. भेगांत तंबाखूची भुकटी बसून काळ्या रेघा उमटलेल्या आणि कडेने लाल इसब. पुण्यातल्या भाचीने ही साडेआठशे रुपयांची डबी आणून दिली. आठ दिवस लावली आणि गुण आला. मी स्वतः बोटं पाहिली. भेगा मिटत आल्या होत्या, खाज कमी होती. बाई खोटं बोलत नव्हत्या.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चर्चेला तेवढी पुरली. कुणी म्हणालं, ही तर आपल्या पूर्वजांची वनस्पती, इंग्रजांनी बदनाम केली. कुणी म्हणालं, परदेशी शास्त्रज्ञांनी आता सिद्धच केलंय. इसब, सोरायसिस, मुरुमं, सगळ्यावर चालते. स्टेरॉइडच्या विषापेक्षा शंभर पटींनी बरी. कायद्याने दडपलीय, नाहीतर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचं सोनं झालं असतं. हा युक्तिवाद मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असं नाही. लग्नाच्या पंगतीत ऐकलाय, एसटीत ऐकलाय, चांगल्या शिकलेल्या मित्रांकडून तर फारच ऐकलाय. त्यातलं एक वाक्य खरं असतं आणि त्याच्या आधारावर पुढची चार उभी राहतात. म्हणून ती एकेक करून तपासायला हवीत.

सुरुवात पूर्वजांपासून. भांगेला आयुर्वेदात विजया म्हणतात, हे खरं. शार्ङ्गधर संहितेत तिचा उल्लेख अफूच्या जोडीने येतो, पचण्याआधीच अंगभर पसरणारं द्रव्य म्हणून. हेही खरं. पण हा उल्लेख पोटात घ्यायच्या औषधाचा आहे. अग्निमांद्य, अतिसार, झोप, वेदना ही तिची जुनी क्षेत्रं. मेणात आणि लोण्यात कालवून इसबावर चोळायची हिरवी डबी त्या परंपरेतून आलेली नाही, ती आजच्या बाजारातून आलेली आहे. आजोबांची पुण्याई नातवाच्या कर्जाला तारण ठेवता येत नाही. एका वापराचा अनुभव दुसऱ्या वापराचा पुरावा होत नाही.

इंग्रजांनी बदनाम केली, हेही तितकंसं खरं नाही. १८३९ मध्ये कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरनेच गांजा आधी जनावरांना आणि मग रुग्णांना देऊन पाहिला. संधिवात, धनुर्वात, बाळाचे झटके अशा रुग्णांच्या नोंदी त्याने छापल्या आणि त्यात औषध कुठे लागू पडलं नाही तेही लिहिलं. पुढे १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी सात जणांचा आयोग नेमला. त्याने हजाराहून अधिक साक्षीदार तपासले. मुंबई इलाख्यात तेव्हा नगर जिल्हा गांजाच्या लागवडीसाठी ओळखला जात होता. आयोगाचा निष्कर्ष असा की बेताच्या सेवनाने फारसं नुकसान होत नाही, सरसकट बंदी नको. आज ज्या कायद्यावर बोट ठेवलं जातं तो अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा आहे, आणि तो आपल्याच संसदेने केलेला आहे. इतिहासाचं ओझं चुकीच्या खांद्यावर टाकून आजचं मलम विकता येत नाही.

आता "सिद्ध झालंय" या वाक्याकडे येऊ, कारण खरा माल तिथे आहे. या झाडात कॅनाबिनॉइड नावाची अनेक रसायनं असतात. त्यातलं टीएचसी नशा आणतं, सीबीडी आणत नाही. आपल्या शरीरातही त्याच जातीची रसायनं तयार होतात, आणि त्यांना ओळखणारे ग्राहक-रेणू त्वचेच्या पेशींत, तेलग्रंथींत, खाजेचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंत सापडले आहेत. म्हणजे दार आहे आणि त्याला कुलूपही आहे. किल्ली बसेल का, हा प्रश्न विचारण्यासारखाच आहे. २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला. उंदरांत हे ग्राहक-रेणू बंद केले की त्वचेची ॲलर्जी जास्त भडकते, असं त्यात दिसलं. २०१४ मध्ये हंगेरीतल्या डेब्रेसेनच्या संशोधकांनी माणसाच्या तेलग्रंथीच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. सीबीडीने त्या पेशींतली तेलाची निर्मिती कमी झाली आणि दाहही घटला. काम उत्तम आहे, त्याबद्दल आदरच आहे.

पण बशी म्हणजे गाल नव्हे, आणि उंदीर म्हणजे अक्का नव्हेत. बशीतल्या पेशीवर औषध थेट पडतं. जिवंत त्वचेवर आधी मेलेल्या पेशींचा थर असतो, विटांच्या भिंतीसारखा. सीबीडी तेलात विरघळतं, पाण्याशी त्याचं पटत नाही. त्यामुळे ते त्या भिंतीच्या वरच्या थरांत अडकून बसतं आणि खाली, जिथे काम आहे तिथे, किती पोचतं हे ज्यात ते कालवलंय तो बेस कसा बनवलाय त्यावर ठरतं. डबीवर छापलेले मिलिग्रॅम डबीतले असतात, त्वचेतले नसतात.

मग माणसांवरचे पुरावे काय आहेत? २०१९ चा इटलीतला एक अभ्यास फार मिरवला जातो. त्यात वीस रुग्ण होते: पाच सोरायसिसचे, पाच इसबाचे, दहा व्रणांचे. तीन महिने सीबीडीचं मलम लावलं, त्वचा सुधारली. तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. त्याहून मोठा आकडा २००८ च्या युरोपीय अभ्यासाचा सांगतात: इसबाचे २,४५६ रुग्ण, खाज घटली, स्टेरॉइडचा वापर घटला. इथेही तुलनेचा गट नाही. आणि त्या क्रीममधलं पीईए हे द्रव्य गांजाच्या झाडातलं नाहीच. ते आपल्या शरीरातही बनणारं एक स्निग्ध रसायन आहे. त्याच्या नावावर गांजाचं पान छापणं म्हणजे शेजाऱ्याच्या पोराची गुणपत्रिका आपल्या भिंतीवर लावणं.

ज्या चाचण्यांत खरी तुलना झाली, त्यांचं कुणी नाव काढत नाही. ऑस्ट्रेलियातल्या बोटॅनिक्स कंपनीने मुरुमांसाठी सीबीडीचं बाहेरून लावायचं औषध तयार केलं आणि साडेतीनशेहून जास्त रुग्णांवर बारा आठवडे तपासलं. काहींना औषध, काहींना औषध नसलेला तोच बेस. कुणाला काय मिळालं हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. २०१९ मध्ये निकाल आला. औषधवाल्यांची मुरुमं घटली. बेसवाल्यांचीही घटली. औषधाला बेसवर ठोस मात करता आली नाही. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीची इसबाची चाचणीही तशीच अडली. न्यायाने हेही सांगायला हवं की थायलंडमधून २०२२ मध्ये सोरायसिसची एक छोटी तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली आणि तिचा कल सीबीडीच्या बाजूने आहे. एक छोटी चाचणी आशा दाखवते, दोन मोठ्या चाचण्या थांबा म्हणतात. याला "सिद्ध झालंय" म्हणत नाहीत. याला "अजून बघायचंय" म्हणतात.

आता अक्कांच्या बोटांना गुण कसा आला, हा प्रश्न उरतो. मी त्यांच्यासमोरच डबी उलटी केली आणि चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. मधमाशीचं मेण, शिया बटर, खोबरेल, हेम्प सीड ऑइल, व्हिटॅमिन ई. संपलं. हेम्प सीड ऑइल म्हणजे त्या झाडाच्या बियांचं तेल. बियांत कॅनाबिनॉइड जवळजवळ नसतातच. म्हणून तर २०२१ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामकाने त्या बिया आणि त्यांचं तेल अन्न म्हणून विकायला मोकळीक दिली. शेंगदाण्याच्या तेलासारखंच एक तेल. झाकणावर मात्र सात पात्यांचं ते ओळखीचं पान रुबाबात.

मी म्हणालो, "अक्का, पोलीस काय धरणार? ह्यात गांजा नाहीच."

त्यांनी डबी हातात फिरवून पाहिली. "मग साडेआठशे कशाचे ओ?"

या लेखाचा सगळा मुद्दा त्या प्रश्नात आहे. फाटलेल्या त्वचेतून पाणी सतत उडत असतं. मेणाचा, तेलाचा थर चढला की ते अडतं, भेग ओली राहते, कडा जुळतात, खाज उतरते. शिवाय इसब स्वतःच चढतं-उतरतं. माणूस ते अगदी चढलेलं असताना डबी उघडतो, मग उतार पडला की श्रेय डबीला मिळतं. अक्कांच्या बोटांना गुण आला, तो बेसचा. भाव लागला, तो पानाच्या चित्राचा. शंभराच्या आतली साधी पेट्रोलियम जेली रात्री चोळून वर जुन्या सुती कापडाची पट्टी बांधली असती तरी तेच झालं असतं. हातमोजे घाला, असं सांगणं सोपं असतं. हातमोज्यात विडी वळत नाही.

बरं, ज्या मलमांत खरोखर अर्क असतो त्यांचं काय? अमेरिकेत १०५ सीबीडी मलमं आणि क्रीमं बाजारातून उचलून तपासली गेली. २०२२ मध्ये निकाल छापून आला. ज्यांच्यावर सीबीडीचं प्रमाण लिहिलं होतं, त्यांतल्या जेमतेम चौथ्या हिश्श्यात लेबल आणि माल जुळला. १०५ पैकी ३७ मध्ये टीएचसी सापडलं. ही गत तिकडच्या बाजारातली, जिथे प्रयोगशाळांची वानवा नाही. आपल्याकडे डबीवरच्या आकड्याची खात्री कुणी करायची? मी दुकानदार आहे. मला लेबल वाचता येतं, तपासता येत नाही.

"कायद्याने दडपलंय" हे वाक्य तर डबी हातात धरूनच बोललं जातं, याची गंमत वाटते. दडपलेली वस्तू पुण्याहून कशी येते? १९८५ च्या कायद्याची व्याख्या नीट वाचली तर गांजा म्हणजे फुलोऱ्याचे, फळाचे शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर पानं आणि बिया त्यातून वगळलेल्या आहेत. याच वाटेने पानांच्या अर्काची औषधं आयुषच्या परवान्यावर बनतात. औषधनियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, म्हणजे शेड्यूल ई-१ मध्ये, भांग आहे, म्हणून लेबलवर वैद्यकीय देखरेखीची सूचना लागते, इतकंच. औद्योगिक लागवडीची तरतूद कायद्यात आहे, उत्तराखंडने २०१८ मध्ये तसा परवाना दिलाही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव सत्तावीस विरुद्ध पंचवीस मतांनी मंजूर झाला आणि भारताने बाजूने मत दिलं. दार बंद नाही. उलट माझी तक्रार अशी की दार नको तितकं सैल आहे: ॲलोपॅथीच्या नव्या औषधाला ज्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्या न चढताही ही डबी बाजारात येते.

आता स्टेरॉइड. इथे मला स्वतःच्या अंगावर घ्यायचंय. स्टेरॉइडची भीती लोकांच्या मनात बसली ती उगाच नाही, ती आम्ही दुकानदारांनी कमावून दिलीय. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर जातो, यंत्रमागाच्या शेडमध्ये वारा नाही, कामगाराच्या जांघेत गजकर्ण उठतं. तो येतो, "खाजंची ट्यूब द्या" म्हणतो. कित्येक वर्षं मी क्लोबेटासोल, बुरशीनाशक, अँटिबायोटिक असा तीन-चार औषधांचा गोपाळकाला असलेली ट्यूब काढून दिली. चिठ्ठी मागितली नाही. दोन दिवसांत लाली उतरायची, बुरशी आत पसरत राहायची, आणि महिन्याने तोच माणूस दुप्पट चट्टा घेऊन यायचा. २०१८ मध्ये केंद्राने अशा मलमांची सूट काढून ती चिठ्ठीच्या यादीत घातली. तोवर बरंच बिघडलं होतं. औषधाला न जुमानणाऱ्या गजकर्णाच्या एका बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच आपला देश.

या अनुभवातून दोन धडे निघतात, आणि हिरव्या डबीवाले त्यातला एकही घेत नाहीत. पहिला: स्टेरॉइड विष नाही, चिठ्ठीविना वापरलेलं स्टेरॉइड घातक आहे. अक्कांच्या इसबाला त्वचारोगतज्ज्ञाने मोजून दिलेली दोन आठवड्यांची ट्यूब हेच आजही भरवशाचं औषध. दुसरा: निदानाआधी मलम विकणं हेच मूळ दुखणं आहे. इसब, सोरायसिस, गजकर्ण, खरूज यांची खाज सारखी, औषधं वेगळी. डबी म्हणते "सगळ्यावर चालते". सगळ्यावर चालतं असं सांगत आम्ही आधीची ट्यूब विकली होती. आणि हे मलम दावा करतात तसं दाह खरंच दाबत असेल, तर बुरशीवर लावल्यावर काय होईल, हे आधी तपासायला नको? नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, असं म्हणणाऱ्याने बिब्ब्याचं तेल हातावर घेऊन पाहावं. तेही झाडाचंच असतं.

शेवटी शेतकरी. ऑगस्ट २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला: कुठल्याच पिकाला भाव नाही, दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या; १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी गृहीत धरून १६ पासून लावतो. अर्ज पोलिसांकडे गेला, पोलिसांनी तो प्रसिद्धीचा प्रकार ठरवला. देशभर हसू झालं. मला हसू आलं नाही. त्या अर्जात शेतमालाच्या भावाबद्दल जे लिहिलं होतं त्यातला शब्द खोटा नव्हता. पण त्या माणसाच्या हतबलतेवर मलमाची जाहिरात उभी करू नका. बोटॅनिक्सच्या चाचण्यांत वापरलेलं सीबीडी कारखान्यात, रसायनशास्त्राच्या कृतीने बनवलेलं होतं. त्याला झाड लागलं नाही, शेत लागलं नाही. उद्या हे औषध खरंच यशस्वी झालं तर ते रिॲक्टरमध्ये बनेल, मोहोळच्या बांधावर नाही. धाग्यासाठी, बियांसाठी लागवड हा वेगळा विषय आहे, त्यावर जरूर बोलावं. इसबाच्या नावाने नको.

मग मी या संशोधनाच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. मला ते इथेच झालेलं हवंय. १९६३ पासून सोलापुरात वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिव्हिलची त्वचारोग ओपीडी आहे. विडी वळणाऱ्या हजारो बाया आहेत, त्यांच्या हातांच्या इसबाचं कुणाला फारसं पडलेलं नाही. दोन सारख्या दिसणाऱ्या ट्यूबा घ्या. एकीत नुसता बेस, दुसरीत बेस अधिक मोजून घातलेलं सीबीडी. सीटीआरआयमध्ये, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, आगाऊ नोंद करा, म्हणजे निकाल नावडता आला तरी लपवता येणार नाही. नीतिसमितीची मान्यता घ्या, बायांना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या, बारा आठवडे हात मोजा. सीबीडीची ट्यूब जिंकली तर काउंटरवर सर्वांत पुढे ती मी मांडीन आणि हा लेख मागे घेईन.

तोवर माझ्या व्यवसायबंधूंना एवढंच सांगणं: गिऱ्हाइकाने पानाचं चित्र दाखवलं तर डबी उलटी करून त्याला घटक वाचून दाखवा. आणि वाचकांना विनंती, कुठलंही नवं मलम कुणी पुढे केलं की एकच प्रश्न विचारा: नुसत्या बेसपेक्षा ह्याने किती जास्त गुण येतो? उत्तर आकड्यात आलं तर ऐकून घ्या. ऋषिमुनींच्या, निसर्गाच्या किंवा परदेशाच्या नावाने आलं, तर साडेआठशे रुपये खिशात ठेवा आणि सिव्हिलच्या ओपीडीत केसपेपर काढा.